भडंगाच्या पुडक्यातली डिस्क

गेल्या महिन्यात सांगलीहून पार्सल आलं. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला फोन करून सकाळी सव्वासहाला स्वारगेटला ताब्यात घेतलं, घरी आणून सुतळी कापली. आत भडंगाची दोन पुडकी, आत्याच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि दोन पुडक्यांच्या मधोमध, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, प्लेस्टेशनची डिस्क. पार्सल आत्याने बांधलेलं होतं. तिच्या लेखी डिस्क म्हणजे काचसामान, म्हणून तिला दोन्हीकडून भडंगाची गादी. चटणीची पिशवी मात्र कोपऱ्यात उसवली होती. डबीच्या निळ्या प्लास्टिकवर तेलाचा तांबूस ओघळ आला होता आणि आतल्या कागदी कव्हरवर, बरोबर नायकाच्या खांद्यावर, एक डाग पडला होता. ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या. डाग गेला नाही. डबी उघडली की लसणाचा वास अजून येतो.

आमची गेमची भिशी आहे. हसू नका, चांगली चार वर्षं चालली आहे. पुण्यात मी, सांगलीत आतेभाऊ, रत्नागिरीत मावसभाऊ आणि ठाण्याला वहिनी, जी आमच्यात सगळ्यात जहाल खेळते. सोनीच्या स्वतःच्या नव्या गेमची डिस्क आपल्याकडे साधारण ४,९९९ रुपयांना पडते. एकट्याने घ्यायची म्हटली तर घरात चर्चा होते. चौघांत वाटली की साडेबाराशे, आणि साडेबाराशेची चर्चा कुठल्याच घरात होत नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचा नंबर पहिला त्याच्याकडे डिस्क तीन आठवडे, मग पुढच्याकडे. चौघांचं फिरून झालं की तीन महिन्यांनी ती सेकंडहँड विकायची आणि आलेले पैसे पुढच्या गेमच्या भांड्यात टाकायचे. नियम एकच: शेवट सांगायचा नाही. तो वहिनीने दोनदा मोडला आहे.

ही सगळी माहिती सांगायचं कारण म्हणजे पुढचा प्लेस्टेशन. ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्क सर्नीचा एक व्हिडिओ आला. प्लेस्टेशन ४ आणि ५ या दोन्ही यंत्रांची रचना ज्याच्या देखरेखीखाली झाली तो हा माणूस. बोलतो इतका शांत, की ऐकताना आपण संगणकशास्त्राच्या नव्हे, विपश्यनेच्या वर्गात बसलोय असं वाटावं. सोबत एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीचा जॅक ह्युन होता. दोघांनी मिळून पुढच्या चिपमध्ये काय असेल ते सांगितलं: न्यूरल अ‍ॅरे, रेडियन्स कोअर, वगैरे. थोडक्यात, प्रकाशाचा किरण कुठून निघेल, कशावर आपटेल आणि कुठे परतेल याचा हिशेब करायला वेगळे कारकून नेमणार. हे सगळं काही वर्षांत येणाऱ्या कन्सोलमध्ये, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रात, आणायला मी उत्सुक आहे, असंही सर्नी म्हणाला. प्लेस्टेशन ६ हा शब्द त्याने तोंडातून काढला नाही, पण आमच्या ग्रुपवर पाच मिनिटांत त्याचं बारसं झालं होतं.

मग प्रत्येकाला काय हवं याची यादी सुरू झाली. आतेभावाला पडद्यावर दर सेकंदाला एकशेवीस फ्रेम, म्हणजे चित्रं, हवीत, त्याचा टीव्ही साठच दाखवतो ही गोष्ट वेगळी. मावसभावाला जागा हवी, कारण प्लेस्टेशन ५ वर ८२५ जीबी लिहिलेलं असलं तरी हाताला ६६७ च लागतात, आणि आजकालचा एकेक गेम शंभर जीबी गिळून बसतो. वहिनी म्हणाली, “काही नको, डिस्कची फट ठेवा म्हणावं.”

मला तेव्हा ते फारच साधं मागणं वाटलं होतं.

गेमर लोकांना काय हवं असतं ते त्यांनाच विचारू नये, असं माझं फार दिवसांचं मत आहे. २०१८ मध्ये स्पायडरमॅनचा गेम यायच्या आधी जगभर एक वाद पेटला होता, तो पाण्याच्या डबक्यावरून. आधीच्या जाहिरातीत एका दृश्यात मोठं डबकं होतं, नंतरच्या चित्रात ते छोटं झालं. म्हणजे कंपनीने ग्राफिक्स उतरवले, फसवणूक केली, असा आरडाओरडा झाला. बनवणारे सांगत होते की अहो, डबक्याचा फक्त आकार बदललाय. शेवटी त्यांनी गेममधल्या फोटोवर चिकटवायला डबक्यांचे स्टिकर दिले. पुण्याच्या पावसात रोज घोटाभर डबक्यातून स्कूटर काढणाऱ्या बाईला डबक्यासाठी भांडणारे लोक बघून काय वाटलं असेल, कल्पना करा. आणि आता त्याच डबक्यात दिव्याचं प्रतिबिंब बिनचूक पडावं म्हणून स्वतंत्र कारकून नेमले जाणार आहेत. पडू दे. सुंदरच दिसेल. पण तेवढ्यासाठी मी माझं जुनं यंत्र विकणार नाही.

वहिनीच्या मागण्यात किती दम आहे, हे मला जून २०१३ मधली एक गोष्ट आठवली तेव्हा कळलं. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने प्लेस्टेशनच्या स्पर्धेतल्या आपल्या नव्या एक्सबॉक्सचे नियम जाहीर केले होते: यंत्राने दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि डिस्क मित्राला द्यायची तर ठरावीक अटींवर, तीही एकदाच. लोक चिडले. त्याच सुमाराला लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात सोनीचा जॅक ट्रेटन मंचावर आला आणि म्हणाला की प्लेस्टेशन ४ वर जुन्या डिस्कवर काहीही बंधन नसेल. विका, उसनी द्या, नाहीतर जन्मभर ठेवा. साध्या वाक्यांना लोकांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. त्यापेक्षा मजा पुढे आहे. सोनीने बावीस सेकंदांची एक फिल्म काढली: ‘प्लेस्टेशन ४ वर गेम कसा शेअर करायचा?’ पडद्यावर येतं, पायरी पहिली: गेम शेअर करा. शुहेई योशिदा हा कंपनीचा बडा अधिकारी शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात डबी देतो. तो म्हणतो, थँक्स. संपलं. पायरी दुसरी नाहीच.

मी ती फिल्म ऑफिसात, हेडफोन लावून, सलग पाच-सहा वेळा पाहिली होती. त्या दोघांच्या चेहऱ्यावर आमच्या सोसायटीत वाटीभर साखर देताना असतो तसा भाव होता. मायक्रोसॉफ्टने नऊ दिवसांत नियम मागे घेतले.

त्यानंतर काय झालं ते पायरीपायरीने बघा. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला तो दोन रूपांत, एक डिस्कचा आणि एक बिनडिस्कचा, थोडा स्वस्त. २०२३ मध्ये यंत्र सडपातळ झालं आणि डिस्कचा भाग वेगळा काढता येण्याजोगा झाला. तो भाग नंतर घेऊन बसवायचा तर पहिल्यांदा इंटरनेटवरून त्याची नोंदणी करावी लागते, म्हणजे हजेरी आलीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रो आला, अमेरिकेत सातशे डॉलरला, आणि त्यात डिस्कची फटच नाही. हवी तर वेगळे पैसे मोजा. (आपल्याकडे प्रो तेव्हा आलाच नाही. त्याच्या वाय-फायला लागणारी सहा गिगाहर्ट्झची लहर भारतात अजून खुली नव्हती. म्हणजे आमच्या भिशीचं रक्षण दूरसंचार खात्याने केलं म्हणायचं.) बावीस सेकंदांत हातातून हातात गेलेली डबी अकरा वर्षांत ऐच्छिक विषय होऊन बसली.

बरं, सोनी हे कुणाच्या मनाविरुद्ध करतेय असंही नाही. त्यांच्याच हिशेबात गेली काही वर्षं पूर्ण गेमची सत्तर टक्क्यांहून जास्त विक्री डिजिटल आहे. त्या सत्तरात मीही आहे. रात्री अकराला लेक झोपलेली असते, सेल लागलेला असतो, बोट एकदा दाबायचं की झालं. दुकानात जा, पार्किंग शोधा, काही नाही. अशा तऱ्हेने मी आजवर चाळीसेक गेम घेतलेत आणि त्यातल्या निम्म्यांचं तोंडही पाहिलेलं नाही. पण ते चाळीस गेम मी कुणाला देऊ शकत नाही, विकू शकत नाही, आणि खरं म्हणजे ते माझेही नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने कळवलं होतं की तुम्ही पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरी वाहिनीचे कार्यक्रम तुमच्या संग्रहातून काढले जातील, कारण आमचा त्यांच्याशी करार संपतोय. ओरड झाली, नवा करार झाला, कार्यक्रम राहिले. पण शेजाऱ्याकडच्या किल्लीने आपलं घर उघडतं हे तेवढ्यात दिसून गेलं. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम मार्च २०२४ अखेर बंद केला, तेव्हा डिस्क घेतलेल्यांच्या हातातली डिस्कसुद्धा चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीची उरली, कारण गेमचा जीव कंपनीच्या सर्व्हरमध्ये होता. म्हणजे डिस्क असली की सगळं आपलं, असंही नाही. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आला: तुम्ही विकत देत नसून वापरायचा परवाना देताय, हे गिऱ्हाइकाला स्वच्छ सांगा. कायदा चांगला आहे. नुसतं सांगितल्याने घशाखाली काय उतरतं ते मात्र मला कळत नाही.

आमच्या घरात पहिला प्लेस्टेशन आला तो डीव्हीडी प्लेअर म्हणून. प्लेस्टेशन २ ची ही खुबी होती. सोळा कोटींच्या वर खपला त्यात आमच्यासारख्या घरांचा वाटा असणार. बाबांना सांगितलं की यात नाटकांच्या सीडी नाही, पण डीव्हीडी लागतात, चित्र स्वच्छ दिसतं. बाबांनी दोन डीव्हीडी आणल्या, एक पूर्ण पाहिली, आणि मग यंत्र आम्हा भावंडांचं झालं. त्याआधी आतेभावाबरोबर मी पार्लरमध्ये जायचे, तासाला वीस रुपये. तिथे कंट्रोलरला सगळे रिमोट म्हणत. मी एकटीच मुलगी, त्यामुळे मला कायम तुटक्या एल-टू बटणाचा रिमोट मिळायचा. अजून कुठलाही नवा कंट्रोलर हातात आला की माझं बोट आधी तेच बटण तपासतं.

त्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात आठ एमबी जागा असायची. आठ. आज एका फोटोला पुरणार नाही. त्यात आम्हा चौघांचे खेळ मावायचे, आणि दिवाळीच्या सुट्टीत मावसभावाने माझ्या साठ तासांच्या खेळावर स्वतःचा खेळ सेव्ह करून ठेवला. त्यावर त्याचं म्हणणं होतं, “तुझं नाव इंग्रजीत होतं, मला वाटलं गेमचंच आहे.” हा विषय लग्नकार्यात अजूनही निघतो.

ते कार्ड, ते यंत्र आणि वहीएवढ्या पाकिटात पंचवीस डिस्का माझ्याकडे आजही आहेत. प्लेस्टेशन २ वर प्लेस्टेशन १ च्या डिस्का चालायच्या, सुरुवातीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये २ च्या चालायच्या, कारण त्यात चक्क जुन्या यंत्राचे भाग बसवलेले होते. खर्च वाचवायला ते पुढे काढून टाकले, आणि ४ वर मागचं सगळं बंद. अडचण ३ ची आहे. सोनी, तोशिबा आणि आयबीएमने मिळून त्याच्यासाठी ‘सेल’ नावाची चिप घडवली होती, अशी तऱ्हेवाईक की गेम बनवणारे वर्षानुवर्षं कपाळाला हात लावून बसले. तिची नक्कल दुसऱ्या यंत्रावर उठवणं जिकिरीचं. म्हणून आज ३ चे बरेच गेम नव्या यंत्रावर चालवायचे तर इंटरनेटवरून प्रक्षेपणासारखे बघत खेळायचे, हाच मार्ग. आणि ती सोय असलेली वर्गणी २०२२ मध्ये भारताच्या वाट्याला आलीच नाही. आपल्याला दिली ती ‘डीलक्स’. नाव ऐकून वाटतं काहीतरी जास्त मिळतंय, मिळतं कमी.

प्लेस्टेशन ५ वर ४ च्या डिस्का चालतात, हे यंत्राचं मला सगळ्यात आवडलेलं काम. पुढच्याने एवढंच करावं की पाकिटातली कुठलीही डिस्क घातली तर ओळख दाखवावी. जुनं माणूस दारात आलं की ‘कोण पाहिजे’ म्हणू नये.

कंट्रोलरबद्दल बोलायला हवं. दीड वर्षापूर्वी माझ्या एका कंट्रोलरला ती व्याधी लागली: हात न लावता पात्र आपोआप डावीकडे चालायला लागायचं, झोपेत चालणाऱ्या माणसासारखं. कंपनी कुठली ते सांगत नाही, हा रोग घराणं बघून येत नाही. तपकीर गल्लीजवळच्या एका पोटमाळ्यावर दुरुस्तीवाल्याने तो माझ्यासमोर उघडला. स्टिकच्या बुडाशी हिरव्या रंगाची, शर्टाच्या बटणाएवढी डबी होती. त्याने ती टाचणीने उचकटली आणि भिंगाखाली धरली. आत काळ्या कार्बनचा अर्धगोल पट्टा, आणि त्यावरून घासत फिरणारा पितळेचा इवलासा पाय. पट्ट्याच्या मध्यावर पांढुरकी चरी पडली होती. “रोज घासतंय ना मॅडम,” तो म्हणाला, “चपलेचा तळ झिजतो तसं.” मध्यभागी झिजलं की यंत्राला मध्य कुठे ते समजेनासं होतं. अडीचशे रुपयांत त्याने नवी डबी डकवली, आणि ही पण दीड-दोन वर्षांत जाणार असं प्रामाणिकपणे सांगितलं.

यावरचा उपाय जुना आहे. लोहचुंबक आणि त्याचं क्षेत्र मोजणारा हॉल सेन्सर वापरला की काही घासतच नाही, मग झिजणार काय? सेगा कंपनीने १९९८ मध्ये आपल्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये तो घातला होता. सेगाने पुढे कन्सोल बनवणंच सोडलं आणि शहाणपण तिच्याबरोबर गेलं. आता छोट्या कंपन्या पुन्हा तसे कंट्रोलर विकतात. प्रकाशकिरणांचे कारकून नेमताना दोन लोहचुंबकांचा खर्च कुणीतरी मंजूर करून घ्यावा, एवढं माझं म्हणणं आहे.

आकाराबद्दल फार बोलत नाही. पहिला प्लेस्टेशन ५ एकोणचाळीस सेंटिमीटर उंच आणि साडेचार किलोचा होता. आमच्या शोकेसमध्ये तो बसावा म्हणून सत्यनारायणाचा चौरंग आणि सासूबाईंचा निवृत्तीचा सत्काराचा करंडक दोघांनाही बदली घ्यावी लागली.

किमतीचं उलटं झालंय. कन्सोल म्हातारा झाला की स्वस्त होतो, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. म्हणूनच तर आपण दोन-तीन वर्षं थांबायचो. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आला, ४९,९९० रुपयांना. नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच ५४,९९० चा झाला. त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप अशा उचलायला सुरुवात केली की साध्या रॅमचे भाव सोन्यासारखे चढले. पुढचं यंत्र याच बाजारातून सामान घेणार. तेव्हा स्वस्त असावं ही मागणी मी यादीतून स्वतःच खोडली.

लेक नऊ वर्षांची आहे. ती शेजारी बसते आणि मी इंग्रजी सबटायटल वाचून मराठीत सांगत जाते, कीर्तनकार आख्यान लावतात तसं. मधूनच माझ्याकडचं घालते. मागे आम्ही ‘राजी’ खेळलो. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० सालचा गेम. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, हातात त्रिशूळ. मंडलांची कोडी आली की लेक कंट्रोलर हिसकावून घ्यायची, “रांगोळी आहे, मला येते.” तिला पुढच्या यंत्राकडून काय हवं विचारलं तर म्हणाली, मराठी. जपानी, पोलिश, थाई अक्षरं प्लेस्टेशनवर सुखाने नांदतात, त्यामुळे तिचं मागणं अवास्तव म्हणावं असं मला वाटत नाही.

राहिला मावसभाऊ. त्याच्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून चारदा जाते. शंभर जीबीचं डाउनलोड म्हणजे त्याच्यासाठी अनुष्ठान. मध्येच खंड पडला की पुन्हा बैठक मारायची, आणि अचानक बंद पडलेलं यंत्र चालू झाल्यावर आधी स्वतःची तब्येत तपासत बसतं. दुरुस्तीच्या फाइली त्यालाही उतरवाव्या लागतात, पण मुख्य सामान डिस्कवरून पंचवीस मिनिटांत आत जातं. त्याला एकदा विचारलं होतं की सर्नीला एकच गोष्ट सांगायची तर काय सांगशील. तो म्हणाला, आत छोटी बॅटरी घाल म्हणावं, निदान सेव्ह होईपर्यंत जीव धरेल अशी. सर्नीच्या व्हिडिओत हे नव्हतं.

माझे तीन आठवडे काल संपले. शेवटचा बॉस, म्हणजे अखेरचा तगडा शत्रू, बाकी आहे, पण नियम तो नियम. डिस्क बाकरवडीच्या खोक्यात घातली, यावेळी वेगळ्या पिशवीत, झिप लावून. रत्नागिरीच्या गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर मावसभावाला पाठवला आणि लिहिलं की उद्या सकाळी मारुती मंदिरापाशी घे. खाली लिहिलं, कव्हरला लसणाचा वास येईल, तो माझा नाही.

तासाभराने त्याचं उत्तर आलं: “लाईट गेलीय. आल्यावर बोलतो.”